डाव्या कुशीचं शिंग

मित्रांनो, मी एक जुनं शिंग आहे, बंदुकीची दारू भरून ठेवायचं. आणि एका माणसाची तीन बोटं माझ्या नावावर आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिंगाने लपवून ठेवलं असं मागून कोणी म्हणायला नको. बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला आपली सेवा सांगतात, आपला त्याग सांगतात. सांगू देत. माझ्याकडे सांगण्यासारखी दोन वर्षं आहेत, आणि त्यांच्या शेवटी एक शनिवार.

अमेरिकेत केंटकीच्या डोंगरात लिक ओढ्याच्या काठी होझिया मॅगार्ड राहायचा. त्याच्या तांबड्या बैलाच्या डोक्यावर मी वाढलो. एका हिवाळ्यात बैल ओढ्यातल्या बर्फावरून घसरला, त्याची मान मोडली. दुसरं शिंग, माझं जुळं भावंड, खडकावर आपटून उभं चिरलं. मी शाबूत राहिलो. सगळे म्हणाले, चला, एक तरी वाचलं. माझ्या मते गडबड तिथेच झाली, वाचायला नको ते वाचलं.

कारण शिंगालाही कूस असते. उजव्या हाताने बंदूक चालवणारा माणूस पिशवी आणि शिंग उजव्या कुशीला टांगतो, डावखुरा डाव्या. माझा बाक डाव्या कुशीचा. तिथे टांगलं की मी वासरासारखा बरगडीला बिलगतो आणि माझं टोक पुढे, हाताशी येतं. उजवीकडे टांगलं की टोक पाठीमागे वळतं, झुडपात अडकतं, आणि दर गोळीला मला ओढून पुढे आणावं लागतं. यात माझा दोष नाही. बैलाचाही नाही.

होझियाचा हात मात्र गुणी होता. त्याने मला उकळलं, काचेच्या तुकड्याने तासलं, इतकं की उजेडासमोर धरलं तर आत दारू कुठवर आहे ते बाहेरून दिसावं. बुडाला पाइनचं लाकूड ठोकलं, टोकाला बूच बसवलं. हरणाच्या कातड्याची पिशवी शिवली. त्या पिशवीत गोळ्या, गोळीभोवती गुंडाळायच्या चरबी लावलेल्या चिंध्या आणि एक चाकू. एकाच पट्ट्यावर खाली पिशवी, तिच्या वर मी, आणि एका वादीला हरणाच्या शिंगाचं छोटं माप. पट्ट्याच्या लांबीबद्दल त्याचा हट्ट होता. पिशवी मांडीवर नाचता कामा नये, पळताना कोपराखाली दाबता आली पाहिजे. आणि पोरांना त्याने दूध सुटायच्या आधीच एक नियम पाजला होता: शिंगाचं तोंड आणि बंदुकीचं तोंड एकमेकांना कधी भेटवायचं नाही. दारू आधी मापात, शिंगाला बूच, मग माप नळीत. आधीच्या गोळीची चिंधी नळीत धुमसत असली तर मापभर दारू फुस्स होते, भुवया जातात. शिंगभर गेली तर माणूस जातो.

असा शहाणा माणूस. आणि त्याने माझ्या पोटावर नाव कोरलं ते डिलार्डचं.

डिलार्ड त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा. उजव्या हाताचा. अब्सलम काका म्हणून एक म्हातारा होता, खोऱ्यातल्या सगळ्या नेमबाजीच्या शर्यती तोच भरवायचा. त्याने मला हातात घेतलं, आधी बूच काढून हुंगलं, आणि आत प्यायची दारू नाही म्हणून तोंड वाकडं केलं. मग मला फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "होझिया, हे डावखुऱ्याचं शिंग आहे. तुझ्या घरात डावखुरं कोण, ते तुला ठाऊक आहे."

होझियाने चाकू पुसला. "डावखुरा माणूस असता तर दिलं असतं की. माणूस कुठाय?"

माणूस तिथेच चुलीशी चरबी वितळवत बसला होता. सतरा वर्षांची ऑर्लीना, डिलार्डची बहीण. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून आई, साब्रा, तिचा डावा हात मोज्याने खुर्चीला बांधायची. पाद्रीबाबाने सांगितलं होतं, तो सैतानाचा हात. पोरगी उजव्या हाताने जेवायला शिकली, कातायला शिकली, सगळं शिकली. फक्त बंदूक उचलली की ती आपसूक डाव्या खांद्याला जायची. तिला दागिने नको होते, नवरा इतक्यात नको होता. तिला एकदा, सगळ्या खोऱ्यासमोर, आपल्या नावाने नेमाच्या रेषेवर उभं राहायचं होतं. तेवढंच. पण बाईने रेषेवर उभं राहण्याची रीत नव्हती, त्यातून डाव्या हाताने तर नाहीच.

डिलार्डला बंदुकीचा आवाजच सोसायचा नाही. त्याचा जीव फिडलवर, गावाकडच्या त्या व्हायोलिनवर. आजोळहून आलेलं, एका बाजूला तडा गेलेलं. त्याच्या डाव्या हाताची बोटं तारांवर अशी पळायची की चक्कीवर धान्य दळायला आलेले लोक दळण विसरून थांबायचे.

तर बहीण-भावाने तोड काढली. बाप खारींच्या शिकारीला धाडायचा डिलार्डला. ऑर्लीना मागोमाग चेस्टनट वेचायच्या टोपलीत फिडल लपवून निघायची. कुंपण ओलांडलं की डिलार्ड पट्टा आपल्या डोक्यावरून काढून तिच्या दुसऱ्या खांद्यावर टाकायचा. "तुला गोळ्या, मला गाणी, बाबांना खारी. सगळे खूश." तो ओढ्याच्या खालच्या अंगाला गाणी वाजवत बसायचा, ती वरच्या जंगलात जायची. संध्याकाळी पुन्हा कुंपणाशी मी उजव्या कुशीला.

अशा दोन पानगळी गेल्या. मित्रांनो, मी कुणाच्या तरी अंगाला बसलो होतो तो काळ तेवढाच. ती पळायची तेव्हा कोपर पिशवीवर, पिशवी बरगडीवर, कशाचा आवाज नाही. पट्टा तिला लांब होता, म्हणून तिने खांद्यावर एक गाठ मारली होती, ती कुंपणाशी सोडायची. दारू ओतताना तिचा डावा अंगठा माझ्या पोटावर नेमका एका जागी पडायचा. डाव्या कुशीला टांगलं तरच अंगठा तिथे पडतो. आणि त्याच जागी डिलार्डचं नाव होतं. हळूहळू अक्षरांत भरलेली काजळी निघाली, मग कडा झिजल्या.

पहिल्या हिवाळ्यात होझियाने मला खुंटीवरून काढलं, खिडकीशी बसून बराच वेळ त्या झिजलेल्या जागेवर आपला अंगठा फिरवला. मग टोच्याने ते नाव पुन्हा कोरलं, आधीपेक्षा खोल, आणि काजळी भरली. मला वाटलं, किती जीव लावतो. मी मूर्ख.

खारी घरात येत राहिल्या, प्रत्येकीच्या डोक्यात गोळी, मांसाला धक्का नाही. होझिया चक्कीवर, चर्चबाहेर, जिथे चार माणसं भेटतील तिथे पोराची नेमबाजी सांगत सुटला. परिणाम व्हायचा तो झाला. दुसऱ्या पानगळीत अब्सलम काकाने बैलासाठी नेमबाजीची शर्यत ठेवली. बैल कापून पाच वाटे, चांगल्या नेमाला चांगला वाटा. होझियाने डिलार्डचं नाव दिलं.

शर्यतीच्या शनिवारी सकाळी ऑर्लीना बापासमोर उभी राहिली. मी खुंटीवर होतो, सगळं ऐकलं.

"बाबा, आज मला जाऊ द्या. डिलार्डच्या जागी."

"कुठे?"

"रेषेवर."

होझिया बूट घालत होता, घालतच राहिला. "मॅगार्डच्या घरात पोरगा फिडल वाजवतो आणि पोरगी बैल जिंकून आणते. हेच ऐकायचं राहिलंय माझं."

"खारी कोणी मारल्या ते विचारा त्याला."

होझियाने वर पाहिलं नाही. "मला काही विचारायचं नाही," म्हणाला. "घोड्यावर खोगीर टाक आणि मक्याच्या भाकरी घे बरोबर."

ती डिलार्डकडे गेली. तू तरी खरं सांग म्हणाली. डिलार्डचं तोंड पांढरं झालं. दोन वर्षं बापाची शाबासकी खाल्ली होती, ती आता ओकायची कशी? तो म्हणाला, एकदा चुकेन, लोक हसतील, संपेल. हसण्याने काय मरतो का कोणी.

रेषेवर त्याची पाळी आली. पहिली गोळी नेमाच्या काळ्या फळीला लागली नाही, फळी ज्या झाडाला ठोकली होती त्या झाडालाही नाही. कोणी तरी मागून म्हणालं, "का रे, खारींना फिडल ऐकवूनच मारतोस का?" सगळे खदखदले. अब्सलम काकाही हसला. होझिया हसला नाही. तो दोन पावलं पुढे आला आणि दातांतून म्हणाला, "भर. लवकर भर."

डिलार्डने बंदूक उजव्या बगलेत दाबून धरली. मी पाठीमागे वळलेला. त्याने डाव्या हाताने मला ओढून पुढे आणलं. मापाची वादी पट्ट्यामागे गुंतली होती. त्याने एकदा खेचली, येईना. तो घाईत होता, लोक बघत होते, बाप बघत होता. त्याने दातांनी बूच उपटलं.

बायका दोरीपलीकडे उभ्या होत्या. त्यांच्यातून ऑर्लीना ओरडली, "माप!"

माझं तोंड आणि बंदुकीचं तोंड भेटलं.

नळीत चिंधी धुमसतच होती. मी अर्धा रिकामा होतो. भरलेला असतो तर डिलार्ड उरला नसता आणि मीही नसतो. माझं लाकडी बूड उडून गेलं, मी तोंडापासून पोटापर्यंत फाटलो. मला आठवतं ते ऑर्लीनाचं मळकं ॲप्रन, ते तिने त्याच्या डाव्या हाताला गुंडाळलं आणि गुंडाळत राहिली. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन तिथे गवतात कुठे तरी.

मी सजीव असतो तर तिथेच जळून मेलो असतो. निर्जीव वस्तूची ही एक शिक्षा असते, तिला बघत बसावं लागतं. मी दोन वर्षं तिच्या कुशीला सुखाने होतो आणि डिलार्डच्या कुशीला असताना एकदाही झुडपात अडकून तुटलो नाही. पट्टा तुटला असता, बूच हरवलं असतं, मला चीर गेली असती, तर होझियाला दुसरं शिंग शोधावं लागलं असतं. बरोबर कुशीचं. मी मजबूत राहिलो, आणि मजबुतीचा मला गर्व होता.

महिन्याभराने होझियाने मला कच्च्या कातड्याने बांधलं. कातडं वाळून आवळलं, फट मिटली. नवं बूड बसवलं. मग जुना पट्टा कापून आखूड केला, ऑर्लीनाच्या मापाने. माप त्याने कधी घेतलं नव्हतं, त्या गाठीच्या वळावरून बरोबर काढलं. डिलार्डचं नाव खरवडून काढलं आणि वरच्या बाजूला तिचं कोरलं. सगळं चुलीपाशी घेऊन आला आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"घाल बघू," म्हणाला.

तिने हात लावला नाही.

"मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं," होझिया म्हणाला. "अंगठ्यावरून."

"मग नाव पुन्हा का कोरलंत?"

त्याने चुलीत लाकूड सरकवलं, मग म्हणाला, "वाटलं, खोल कोरलं की तसंच होईल."

"बाबा," ती म्हणाली, "हा पट्टा माझ्या मापाचा व्हायला डिलार्डची बोटं लागली."

तिने मला उचललं, दाराजवळच्या खुंटीला अडकवलं आणि कणसं सोलायला बसली. पुढे अब्सलम काका स्वतः घरी आला. टोपी काढून म्हणाला, पुढच्या शर्यतीत रेषेवर ये, मी बघतो कोण आडवं येतं ते. ती म्हणाली, काका, आता तुम्ही बोलावता. तेव्हा हसलात. म्हातारा टोपी चुरगळत निघून गेला. तिने बंदूक पुन्हा उचलली नाही. मला वाटायचं एक दिवस उचलेल. बांधलेल्या शिंगात दारू ठेवता येत नाही, दमट होते, पण मी आशा ठेवली. तिने माझ्यात सलगमाचं बी ठेवलं.

डिलार्ड फिडल उलटं धरायला शिकला. उजव्या हाताची बोटं तारांवर, गज डाव्या मनगटाला वादीने बांधलेला. डावं-उजवं कसं बदलायचं ते ऑर्लीनानेच शिकवलं. त्या घरात ते दुसऱ्या कुणाला येत होतं? दोन वर्षांनी गाणी उभी राहिली, पण लंगडत. चक्कीवरचे लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि दळण आटोपून वेळेवर निघून जायचे. साब्रा ऐकताना बाहेर जायची. एकदा तिने तो जुना मोजा पेटीतून काढून चुलीत घातलेला मी पाहिला.

होझिया गेला, साब्रा गेली. आता ऑर्लीनाचेही केस पांढरे झालेत. पाहुणे येतात, मला खुंटीवरून काढतात, कौतुकाने गळ्यात घालतात आणि हमखास उजवीकडे. पट्टा एवढा आखूड का म्हणून हसतात. ती काही सांगत नाही, काढून परत जागेवर ठेवते. ठेवताना तिचा अंगठा माझ्या पोटावरून जातो. बापाने तिचं नाव कोरलंय त्या जागेवरून नाही. त्याच्या खाली, जिथे आता काहीच नाही, तिथून.

मित्रांनो, वस्तू पुसून ठेवा, तेल लावा, बूच घट्ट बसवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो. उद्या तुम्हीही कुणाच्या तरी हातात काही तरी द्याल, त्यावर नाव घालाल. त्याआधी त्यांचा अंगठा कुठे पडतो ते बघा. आणि दिसलं की हातातला टोच्या खाली ठेवा.