दोन सीडींचा युद्धपट

दर शनिवारी माझा नवरा परेश केबिन रोडवरून सिनेमाची व्हीसीडी भाड्याने आणायचा. पहिली सीडी संपली की मी चहा करायचे आणि सिनेमातल्या चुका सांगायचे. त्या ऐकायलाच तो सिनेमा आणतो, असं मला वाटायचं.

त्या शनिवारी युद्धपट होता आणि समोरच्या फ्लॅटमधली रीमाही बघायला आली होती. सिनेमा बेताचाच होता. बर्फात उभे राहून जवान लांबलचक भाषणं करत होते आणि एकाच्याही तोंडातून वाफ निघत नव्हती. मी ते परेशच्या कानात सांगितलं. सीडी बदलताना त्याने तेच रीमाला मोठ्याने सांगितलं.

"बापरे, किती बारीक लक्ष असतं हो तुमचं," ती म्हणाली.

"सवय आहे," परेश म्हणाला.

मी चहा दिला. दुसऱ्या सीडीतला एक प्रसंग मात्र खरोखर चांगला होता. लांबच्या डोंगरावर तोफेचा लखलखाट झाला, जवान श्वास रोखून थांबले आणि मग आवाज आला.

"आवाज मागे पडलाय," परेश रीमाला म्हणाला. "एडिटिंग गंडलंय."

"हो ना, मलाही तसंच वाटलं."

"ते बरोबर आहे," मी म्हणाले. "प्रकाश आधी पोचतो, आवाज नंतर."

"वहिनी, पिक्चर बघतोय ना आपण? शाळा कशाला?"

परेश हसला. मी उठले आणि रीमाच्या हातातला अर्धा भरलेला कप घेऊन आत गेले.