शांततेचा रकाना

त्याने जुना हेडफोन काढून मांडीवर ठेवला, नवा उचलला, त्याच्या गाद्या सदऱ्याच्या बाहीने पुसल्या आणि पुन्हा खाली ठेवला. आधी जुन्याचे मार्क लिहायला हवे होते. वहीत चार रकाने होते: खर्ज, गळा, रुंदी, शांतता. पहिल्या तिन्हींत त्याने भराभर आठ, नऊ, सात लिहिलं. चौथ्यापाशी पेन अडलं. मग तिथे चार टाकले आणि शेजारी वेळ लिहिली, दोन पन्नास. वेळ लिहायची सवय पहिल्या नोकरीपासूनची. तासाभराने कान थकतात आणि थकलेल्या कानांना काहीही गोड लागतं, त्यामुळे कोणता मार्क केव्हा दिला हे नंतर बघता यायला हवं.

चार मार्क देणं तसं अन्यायाचं होतं. जुना हेडफोन बिचारा बिनदोष होता. लोकांनी गायलेली, वाजवलेली गाणी नीट जुळवून, मिसळून देणं हा त्याचा धंदा, आणि या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबत होती. अडीच सेकंद काहीच नाही. मग गायिका श्वास घेते आणि गाणं पुन्हा उचलते. ती अडीच सेकंदं जमली तर गाणं जमलं. पण या जुन्यासारख्या ओपन-बॅक हेडफोनच्या कपांना मागून नुसती जाळी असते. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. वाद्यं थांबली की त्या मोकळ्या जागेत शेजारच्या खोलीतला आईचा श्वास येऊन बसायचा. आत जाताना शीळ, बाहेर पडताना घरघर. खाली कसली खरखर राहिली आहे का, मागचा सूर पुरता विरला का, काही कळायचं नाही. आज सकाळपासून त्याने ती जागा तीसेक वेळा ऐकली होती आणि तिसाव्या वेळी त्याला आईचा राग आला होता. मग स्वतःचा.

बंद कपांचा हेडफोन घरात होता. तो पिशवीत घालून, गाठ मारून कपाटावर टाकला होता. गेल्या वर्षी तोच लावून तो काम करत बसला असताना आई न्हाणीघरात पडली. चाळीस मिनिटं हाका मारत होती. मोडलेलं खुब्याचं हाड पुन्हा धड बसलंच नाही, आई अंथरुणाला खिळली आणि मग छातीच्या दुखण्यानेही डोकं वर काढलं. ताईने तेव्हा एकच वाक्य ऐकवलं होतं, "लहानपणी पावलावरून माणूस ओळखायचास ना रे?" आई त्या कौतुकानेच त्याला कान्या म्हणायची. ताईने तेव्हापासून ते नाव टाकलं होतं.

"कान्या."

तो उठून आत गेला. दोन्ही खोल्यांमधलं दार मिटू नये म्हणून त्याला खुर्ची लावून ठेवलेली असे. आई तीन उशांना टेकून बसली होती. त्याने पाण्याचा पेला तिच्या तोंडाशी धरला. दोन घोट घेऊन तिने मान फिरवली.

"झालं का तुझं गाणं?"

"होतंय. सोमवारी द्यायचंय."

"मला पाठ झालं." ती थांबली, श्वास गोळा केला. "तुझ्या त्या डब्यातून सगळं बाहेर येतं. बारीक बारीक. बरं वाटतं पडल्या पडल्या."

"बंद करू का थोडा वेळ?"

"नको. पण ती बाई मधेच थांबते ना, तेव्हा मला वाटतं, बंद पडलं की काय."

"मुद्दाम आहे ते, आई."

"मुद्दाम?" आई हसायला गेली आणि खोकली. "कशाला उगाच लोकांचा जीव टांगणीला लावायचा?"

त्याने तिची पाठ चोळली. पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता. डोळे मिटल्यावर तिने बोटांनीच त्याला जा म्हणून खुणावलं. तो बाहेर आला, खिडकीशी उभा राहून कानांना दहा मिनिटं विश्रांती दिली आणि नवा हेडफोन लावला. तीन पंचवीस झाले होते.

नवा हेडफोन उधारीचा होता. दुकानदार जुना ओळखीचा, दोन दिवसांसाठी नेऊन बघ म्हणाला होता. जुना ऐकायला छान, पण खर्जात थोडा लबाड, आहे त्यापेक्षा गुबगुबीत दाखवणारा. नव्याने पहिल्याच कडव्यात त्याला जमिनीवर आणलं. ढोबळ वाटणारा खर्ज आखडला, गायिका दोन पावलं पुढे आली, तिच्या मागची सारंगी कुठे बसली आहे तेही कळू लागलं. आपण तीन दिवस खर्ज उगाच कमी करत होतो, हे लक्षात येऊन तो स्वतःशीच चरफडला. त्याने दोन-तीन गोष्टी हलवल्या, पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, आणखी एक हलवली. मग शेवटच्या कडव्याआधीची जागा आली आणि वाद्यं थांबली.

काहीच नाही.

सारंगीचा शेवटचा सूर विरत विरत पार तळाला गेला आणि तिथे संपला. त्याखाली खरखर नव्हती. अडीच सेकंदं अगदी स्वच्छ गेली, आणि मग गायिकेने श्वास घेतला, इतका जवळून की त्याने मान वळवली. त्याने गाणं मागे नेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ऐकताना त्याने डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. कित्येक महिन्यांत काम करताना त्याला इतकं सुख झालं नव्हतं. चौथ्या रकान्यात त्याने नऊ लिहिले, खोडले, दहा लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. तीन चाळीस.

हेडफोन गळ्यात ओढून त्याने लगेच दुकानदाराला फोन लावला.

"ठेवतोय मी हा."

"बघ, म्हटलं नव्हतं?" दुकानदार खूश झाला. "कुठे पटला?"

"शांतता. काय शांतता आहे हो याच्यात."

"हां... पण बाहेरचं येतंय ना आत? नाही, तुझी पहिली अट ती होती. आईंची हाक ऐकू आली पाहिजे म्हणालास. जाळी तर तशीच आहे याची, जुन्यासारखीच."

"येतं की," तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला. मग त्याने गळ्यातला नवा हेडफोन काढला, जुना लावला आणि गाणं त्या जागेच्या जरासं अलीकडे नेलं. वाद्यं थांबली. सारंगी विरली. अडीच सेकंद काहीच नाही. गायिकेने श्वास घेतला.

त्याने परत मागे नेलं. आणखी एकदा नेलं. आवाज वाढवून ऐकलं. जुन्या हेडफोनमध्येही तितकंच स्वच्छ येत होतं.

उठायला त्याला वेळ लागला. दाराला लावलेली खुर्ची त्याने आधी उगाचच उचलून बाजूला ठेवली आणि मग तो आत गेला. आईची मान उशीवरून किंचित घसरली होती. हात अजून गरम होता. तो हात धरून त्याने ताईच्या कारखान्यात फोन केला, आणि शिवणयंत्रांच्या गलक्यात त्याला ती एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगावी लागली.

ताई आली तेव्हा साडेचार वाजले होते. तिच्या मागोमाग तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जे बघायचं ते बघितलं, चादर नीट केली आणि टेबलाशी बसून दाखल्याचा कागद काढला.

"वेळ साधारण किती लिहू?"

"याला काय विचारता?" ताई रडत रडतच म्हणाली. "हा कानाला लावून बसला असेल."

"तीन पंचवीस ते तीन चाळीस," तो म्हणाला. "तीन चाळीस लिहा."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. ताईचं रडणं थांबलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तुला ऐकू आलं?"

ताईची नजर टेबलावरच्या उघड्या वहीकडे गेली. तिने वही ओढून घेतली आणि पदराने डोळे पुसत रकान्यांवरून बोट फिरवलं. जुन्याचे चार. आईच्या श्वासाची तक्रार त्याने तिच्याकडे कालच केली होती, त्यामुळे चार का ते तिला विचारावं लागलं नाही. मग बोट खाली आलं. दहा, तीन चाळीस. तिथे ते बराच वेळ राहिलं.

"या दोन रेघा कशाला मारल्यास?" तिने हळू आवाजात विचारलं.

"आवडलं होतं म्हणून," तो म्हणाला.