आड्डीचं पाणी

आड्डी तुयूबला पहिली आकडी आली ती मक्याच्या गिरणीत, रांगेत उभी असताना. दुसरी घरी, झोपायच्या दोरीच्या झोळीत पडल्या पडल्या. मेरिदा शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ती खुर्चीतून उठायला लागली तसे म्हणाले, "पाण्याखाली जाणं मात्र आता बंद. कायमचं."

गोळ्यांचं तिला काही वाटलं नाही. पण त्या शेवटच्या शब्दानं ती मटकन खाली बसली.

गावाबाहेरच्या सेनोतेत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. जमीन खचून पडलेला तो खड्डा, आत उतरणारा लाकडी जिना, आणि तळाशी काचेसारखं गोडं पाणी, कडेनं दगडाच्या छताखाली शिरलेलं. पाठीवर हवेची टाकी बांधून पर्यटकांना खाली फिरवून आणणं हा तिचा धंदा. पण पर्यटक नसले तरी ती उतरायचीच. खाली अंगाला वजन म्हणून उरायचं नाही. उन्हाचे खांब पाण्यातून तिरपे उतरायचे, झाडांची मुळं दाढ्यांसारखी लोंबायची. आणखी खोलवर गोडं पाणी खाऱ्याला टेकायचं. तिथं सगळं तेलातून पाहिल्यासारखं हलायचं. वीतभर वर आलं की पुन्हा लख्ख. त्या सीमेवर ती लहान पोरीसारखी वरखाली खेळत राहायची.

"हिला एक दिवस कल्ले फुटणार," जिन्याच्या तोंडाशी मक्याचे भरले पानुचो तळत बसलेली मिर्नामावशी म्हणायची. "फुटले की सांगा. लिंबू पिळून हिलाच तळते."

नवरा विल्बर्थ पाण्याला जाम घाबरायचा. बायकोच्या नादानं शिव्या घालत घालत शिकला, आणि शेवटी तिच्याइतकाच वेडा झाला. आता पर्यटकांना तोच न्यायचा. वर आला की चेहरा फुललेला असायचा, पण काठावर आड्डी दिसली की तो मुद्दाम तोंड पाडायचा.

"कसं होतं आज?" ती विचारायची.

"गढूळ."

"खोटारड्या, इथून तळ दिसतोय मला!"

एका सोमवारी सेनोतेवर कुणीच नव्हतं. मिर्नामावशी बाजाराला गेली होती. विल्बर्थ बर्फ घेऊन परत आला, तर आड्डी गुडघाभर पाण्यात उभी. अंगात डुबकीचा सूट, पाठीवर टाकी, चष्मा कपाळावर. तो ओरडला नाही. बर्फ तसाच पायरीवर ठेवून तिच्याशेजारी पाण्यात उतरला.

"बरी आहे रे मी," ती घाईघाईनं म्हणाली. "किती दिवसांत काही झालं नाही. थोडंसंच जाते. खारं पाणी लागतं तिथवर."

"जा. मीपण येतो."

"खरंच?"

"हो. पण खाली आकडी आली तर मी काय करायचं, तेवढं सांग. तूच शिकवलंस मला, म्हणून विचारतोय."

तिला माहीत होतं: आकडी आली की तोंडातली नळी सुटणार. दातखीळ बसली की ती परत आत जाणार नाही. डोक्यावर दगडाचं छत, सरळ वर येता येणार नाही. हे सगळं तिनंच त्याला शिकवलं होतं. यावर उपाय तिला शिकवता आला नव्हता, कारण तो नव्हताच.

"मी तुला धरून ठेवीन," विल्बर्थ म्हणाला. "दुसरं काही येत नाही मला, आड्डी."

बारीक मासे त्यांच्या पोटऱ्यांना टोचत होते. मग तिनं पट्टे सोडले. टाकी उतरवताना त्यानं खालून आधार दिला. टाकी जड लागली, जमिनीवर लागते तशी.

"मीपण सोडतो हे," तो म्हणाला. "वर लिंबाची बाग आहे आपली. पुरे झालं पाणी."

"गप्प बैस! दोघांनी कोरडं बसून माझी आकडी जाणार आहे का?" तिनं टाकी त्याच्याकडं ढकलली. "भरलेली आहे. जा. आणि वर आलास की गढूळ म्हणू नकोस मला."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, नको म्हणायला मान हलवली, आणि तरीही पट्टे बांधले. नळी तोंडात घेताना त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आलीच. ती त्याला लपवता आली नाही.

तो खाली गेला. आड्डी पायरीवर बसून बुडबुडे बघत राहिली. आधी भराभर, मग सावकाश वर येत, छताकडं सरकत गेले. आता तो मुळांपाशी असेल. तिनं ओठ घट्ट मिटले आणि नकळत त्याच्याच लयीत श्वास घेऊ लागली.

छताखाली बुडबुडे दिसेनासे झाले. पाणी सपाट झालं. तो खाऱ्या पाण्याकडं वळला असेल; पुढचं तिला दिसत नव्हतं.