तीन पंख्यांचं कार्ड

आदिनाथच्या घरातली एकही मोठी वस्तू दुकानातून आलेली नव्हती. सोफा, कपाट, फ्रिज, कपडे धुण्याचं मशीन, सगळं हिंजवडीतून आलं होतं. तिथली आयटीवाली मंडळी बंगळूरला नाहीतर परदेशात निघाली की घाईघाईने घर रिकामं करतात, आणि अनिताला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते बरोबर कळायचं. ती थेट टेम्पो घेऊनच जायची. सोफ्याच्या हातावर कुणाच्या तरी लेकराने निळ्या खडूने रेघा मारल्या होत्या. अनिताने त्या कधी घासल्या नाहीत. राहू दे, म्हणायची, आपल्याला काय टोचतात का. आदिनाथला टोचायच्या.

तो चाकणच्या एका कारखान्यात इनकमिंगला होता. गाड्यांसाठी बाहेरून येणारे सुटे भाग मोजायचे, तपासायचे, बरोबर असतील तर आत घ्यायचे, नसतील तर लाल टॅग लावून जाळीच्या खोलीत टाकायचे. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्याला घरातही कुठल्याही वस्तूकडे साधं बघता येत नसे. आधी तिची खोट दिसे.

गेल्या पावसाळ्यात अनिता गेली. ताप होता. होईल बरं, होईल बरं, म्हणत तिने तो अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर आदिनाथला "चालवून घेऊ" हे बोलणंच सहन होईना. कुकरची शिट्टी जरा सैल झाली की नवी शिट्टी. बाइकच्या ब्रेकने जरा आवाज केला की नवे ब्रेक.

घरात आता तो आणि आरोही दोघंच. पोरगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. आई होती तेव्हा तिचं तोंड बंद नसायचं. मायलेकी सोफ्यावर पाय घेऊन मोबाइलवर एकमेकींविरुद्ध गेम खेळायच्या आणि हरलेली जिंकलेलीला शिव्या घालायची. कुरुळीतल्या त्या दोन खोल्यांत आदिनाथला टीव्हीवरच्या बातम्या ऐकू यायच्या नाहीत. आता बातम्या स्वच्छ ऐकू येत. जेवलीस का? हो. कॉलेज होतं का? होतं. विचारलं तेवढं उत्तर, वर एक शब्द नाही. ती पुन्हा आपणहून बोलावी, याखेरीज आदिनाथला त्या वर्षात दुसरं काही नको होतं. पण ते कसं करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मायलेकींनी एक कॉम्प्युटर आणला होता. अनिताची ती शेवटची खरेदी. वापरलेलाच, पण चांगला चालणारा. कॉलेजचं काम त्यावर व्हायचं. गेम मात्र चालायचे नाहीत, कारण त्यासाठी आत ग्राफिक्स कार्ड नावाचा वेगळा भाग लागतो आणि तो त्यात नव्हता. तो पुढे सेकंडहँड बघून घ्यायचा असं दोघींचं ठरलं होतं. मग अनिताच राहिली नाही आणि ते तसंच पडलं.

त्यामुळे एके दिवशी ताट उचलता उचलता आरोही जेव्हा म्हणाली, "पप्पा, एक कार्ड बघायला जायचंय, शनिवारी याल का?" तेव्हा आदिनाथने कुठलं कार्ड, कितीचं कार्ड, काही विचारलं नाही. त्याने एका सहकाऱ्याशी शिफ्ट बदलून घेतली.

हिंजवडीतल्या त्या फ्लॅटवर निरंजन नावाचा तरुण होता. नोकरी बदलून दुसऱ्या गावी चालला होता. त्याने दोघांना चहा दिला आणि कार्ड स्वतःच्या मशीनवर लावून गेम सुरू करून दाखवला. आरोही खुर्चीत बसली आणि खेळायला लागली. निरंजन आणि ती दोघं भराभर काहीतरी बोलत होती, त्यातलं आदिनाथला काही कळत नव्हतं, पण पोरगी हसत होती. तेवढ्यावर त्याने गप्प बसायला हवं होतं.

तो गप्प बसला नाही. कार्ड काढून हातात आल्यावर त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि स्क्रूंची डोकी बघितली. एकावर स्क्रूड्रायव्हर घसरल्याची खूण होती. हे उघडलं होतं का, त्याने विचारलं. निरंजन म्हणाला, हो, उष्णता ओढून घेणारी आतली पेस्ट वाळते, ती बदलली, सगळेच बदलतात. कधी बदलली? आठवत नाही नक्की. कुणी? मीच. त्याची काही नोंद आहे? निरंजनला वाटलं काका चेष्टा करताहेत, म्हणून तो हसला. आदिनाथ हसला नाही. त्याने कार्ड टेबलावर ठेवून दिलं.

"रिवर्क केलेला माल नोंदीशिवाय आम्ही घेत नाही."

"काका, हे काय ब्रेक पॅड आहे का?" निरंजन म्हणाला. "फेल झालं तर गेम बंद पडेल. कुणी मरणार नाही."

ते शेवटचं वाक्य त्या बिचाऱ्याने सहज म्हटलं. त्याला काय माहीत. पण आदिनाथ उठला, चहाबद्दल धन्यवाद म्हणाला आणि चपला घालायला लागला. आरोहीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कार्डाकडे, आणि ती पण उठली.

येताना हिंजवडीच्या चौकात शनिवारच्या गर्दीत त्यांची बाइक अडकली ती अडकलीच. एरवी मागे बसलेली आरोही त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. त्या दिवशी तिने मागची दांडी धरली होती. आदिनाथने मान वळवून दोनदा सांगितलं की जुन्यापेक्षा आपण नवंच घेऊ, वॉरंटीसकट. तिने ऐकलं की नाही, हेल्मेटमुळे समजलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच चिंचवडच्या एका दुकानात गेला आणि नवं कोरं कार्ड घेतलं. दिवाळीचा बोनस त्यात गेला, त्याचं त्याला काही वाटलं नाही. दुकानदाराला त्याने वॉरंटी विचारली, कुठल्या देशात बनलं विचारलं, बिघडलं तर कुठे न्यायचं विचारलं. निरंजनकडच्या कार्डाला दोन पंखे होते. याला तीन होते. तीन म्हणजे बरंच, असं त्याने धरलं. घरी आल्यावर सवयीप्रमाणे खोक्याचं सील फोडलं, माल सगळ्या बाजूंनी तपासला, कुठे ओरखडा नाही बघून समाधानाने टेबलावर मांडला आणि पोरीची वाट बघत बसला.

आरोही आली. तिने कार्ड बघितलं आणि तिचा चेहरा जरासा खुलला, हे त्याने नक्की बघितलं. मग तिने ते कॅबिनेटशेजारी धरलं. कॅबिनेट म्हणजे बाहेरचा पत्र्याचा डबा. कार्ड चांगलं चार बोटं जास्त लांब होतं. आत हार्ड डिस्क ठेवायचा रिकामा पत्र्याचा पिंजरा होता, त्यावर ते आदळत होतं.

"बसणार नाही," ती म्हणाली. "मी लांबी बघूनच ते दोन पंख्यांचं निवडलं होतं, पप्पा."

ज्या माणसाच्या हातात रोज माप घ्यायचा व्हर्नियर असतो, त्याने डब्याला साधी टेप लावली नव्हती. आदिनाथ स्वतःवरच इतका चिडला की कार्ड घेऊन तसाच दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, सील फुटलं की परत नाही. आदिनाथ म्हणाला, आमच्याकडे माल उघडल्याशिवाय तपासतच नाहीत. "मग तुमच्याच कंपनीला विका, काका," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसरं कॅबिनेट घेतलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण हे कॅबिनेट अनिताने आणलेलं, ते टाकायचं त्याच्या मनात येईना. आणि बसत नसेल तर बसवायचं कसं, हे त्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुठल्याही माणसाला विचारायला लागत नाही. मध्ये पत्रा येतोय ना, मग पत्रा कापायचा.

चिखलीत त्याच्या ओळखीच्या मालोजीची फॅब्रिकेशनची शेड होती. लोखंडी गेट, जिन्याचे कठडे, असली कामं. आरोही कॉलेजला गेल्यावर आदिनाथ कॅबिनेट बाइकवर पुढ्यात बांधून तिकडे घेऊन गेला. मालोजीने झाकण काढलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "आतलं सामान काढ की आधी."

"काढलं तर परत बसवणार कोण? मला त्यातली एक वायर कळत नाही. पोतं टाक वरून."

"भावा, ह्यो लोखंडाचा कीस हाय. पोत्याला इचारून उडत न्हाई. मागनं मला बोलू नगं."

आदिनाथने स्वतः पोतं नीट खोचलं. मालोजीने ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, पिंजरा सुटला. कापलेल्या कडा कानशीने गुळगुळीत केल्या. शेवटी मालोजीने कॉम्प्रेसरची नळी आणली आणि सगळं फुंकून काढलं. दोघांना वाटलं, साफ झालं. झालं ते एवढंच, की वरवर पडलेला बारीक कीस त्या जोराच्या हवेने मदरबोर्ड या मुख्य सर्किटच्या पाटीखाली, जिथे हात किंवा डोळा पोचत नाही, तिथे जाऊन बसला.

घरी आणून आदिनाथने, निरंजनने लावताना बघितलं होतं तसं, कार्ड बसवून बघितलं. अगदी मापात बसलं. संध्याकाळी आरोही आली तशी त्याने तिची बॅगही खाली ठेवू दिली नाही. बघ, म्हणाला, आणि बटण दाबलं. पंखे अर्धा फेरा फिरले, आतून चट असा आवाज आला आणि जळका वास सुटला. मग काहीच नाही. त्याने पुन्हा बटण दाबलं. आरोहीने पुढे होऊन भिंतीवरचा स्विच बंद केला.

तिने झाकण काढलं, कापलेली कड बघितली, बोट आत फिरवून बाहेर काढलं. बोटाच्या टोकाला राखेसारखी काळी पूड होती.

"हे चालू ठेवून कापलंत?"

"चालू नव्हतं. सामान आत होतं."

ती खाली बसली. स्क्रू काढत काढत तिने आख्खा मदरबोर्ड बाहेर घेतला. आदिनाथ मदतीला वाकला तर तिने हातानेच थांबवलं. बोर्डाच्या मागे एक काळा डाग पडला होता. तिने तो नखाने खरवडून बघितला. आदिनाथने आपणहून सगळं सांगून टाकलं: मालोजी, पोतं, कॉम्प्रेसर. नवा बोर्ड आणतो, उद्याच आणतो, कंपनीचा, वॉरंटीचा, असंही म्हणाला.

"नका आणू," आरोही म्हणाली.

"अगं पण..."

"आईला यातलं तुमच्याइतकंच कळायचं. काही म्हणजे काहीच नाही. पण ती मला विचारायची. तिने हा घेतला तेव्हा मी सांगितलं तेच घेतलं, आणि घासाघीस तिने केली." तिचा आवाज चढला नव्हता, त्यानेच आदिनाथला जास्त लागलं. "तुम्ही निरंजनदादाला शंभर प्रश्न विचारलेत. त्या दुकानदाराला विचारलेत. मला एक विचारलात का?"

आदिनाथकडे उत्तर होतं. त्याला सांगायचं होतं की तुझ्या आईला मी वेळेवर एक प्रश्न नीट विचारला असता, हात लावून ताप बघितला असता, तर. पण ते वाक्य तो आजवर कुणालाच बोलला नव्हता. तो म्हणाला, "नाही विचारला." आणि मग, "आता काय करायचं?"

आरोहीने मान वर करून बघितलं, हे खरंच विचारताहेत की काय, अशा नजरेने.

मग तिने सांगितलं. प्रोसेसर वाचला असेल, नशीब असेल तर. मदरबोर्ड त्याच जातीचा लागेल, तो आता नवा बनतच नाही, जुनाच शोधावा लागेल. कार्ड चालतंय बघून विकायचं, बोर्डाचे पैसे त्यातूनच काढायचे. आदिनाथ म्हणाला, कार्ड तर नवं कोरं आहे. खोक्यातून काढलं की जुनं, ती म्हणाली, तसाच भाव येणार. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ज्यावर एक ओरखडा नाही, ज्यावर एक गेम चालला नाही, ते जुनं? तो वाद घालणार होता. ती त्याच्याकडे बघतच होती. तो म्हणाला, "बरं."

कार्ड गेलं, व्हायचा तो तोटा झाला. बोर्ड सापडायला दिवाळी उलटून गेली. निगडीच्या पुढे एका सोसायटीत कुणीतरी विकत होतं. आरोही म्हणाली, तुम्ही सोडायला चला, पण वर मी एकटी जाणार. अनोळखी घर आहे, आदिनाथ म्हणाला. विकणारी बाई आहे, घरात तिची सासू आहे, मी फोनवर बोललेय, ती म्हणाली. मग तो सोसायटीच्या गेटबाहेर बाइकवर बसून राहिला. वॉचमनने दोनदा विचारलं कुणाकडे आलात म्हणून. वर काय चाललं असेल, बोर्ड चालू करून दाखवतील की नुसताच हातात देतील, कुठे वाकलेली पिन असेल, ती बघेल का, टॉर्च तरी नेलाय का. त्याने चार वेळा मोबाइल काढला आणि चार वेळा खिशात घातला. रागही येत होता, पण कुणावर, ते ठरवता येत नव्हतं.

आरोही खाली आली ती छातीशी खोकं धरून. काही विचारायचं नाही म्हणून आदिनाथने बाइक लगेच चालू केली.

भोसरीच्या पुढे कंटेनरची रांग लागली. मागून ती काहीतरी बोलायला लागली होती. ती बाई आधी भाव सोडायलाच तयार नव्हती, मग सासूनेच मध्ये तोंड घातलं, मग असं काहीतरी की पिना आपण भिंगातून मोजल्या, आणि मग पुढचं एका ट्रकच्या हॉर्नमध्ये गेलं. त्यानंतरचं वाऱ्यात गेलं. आदिनाथला निम्म्याहून अधिक कळत नव्हतं आणि ते ऐकू न येणं जिवाला लागत होतं. पण काय म्हणालीस, असं विचारलं तर ती थांबेल, या भीतीने तो नुसती मान हलवत राहिला आणि बाइक आणखी हळू चालवायला लागला. मागचे लोक हॉर्न देत होते.