धुराचा रुबाब

मी इंजिन बोलतोय. एका जुन्या डिझेल पिकअपचं. आजवर तुम्ही माझं काही ऐकलं नाहीत, तेव्हा आज ऐकाल अशी माझी समजूत नाही. तरी बोलतो.

ज्यांनी मला घडवलं, त्यांनी माझा स्वभाव ठरवूनच दिला होता. सावकाश चढायचं, ओझं न्यायचं, कुरकुर करायची नाही. बदल्यात मला हवं होतं स्वच्छ तेल, स्वच्छ हवा आणि थंड पाणी. माणसाला एवढंही जड जातं.

माझा पहिला मालक विटा वाहायचा. पिकअपचा पत्रा आरशासारखा चकाकेपर्यंत पुसायचा, पण बॉनेट उघडलं की त्याला कामं आठवायची. विटांची धूळ आणि रस्त्याचा चिखल माझ्या रेडिएटरच्या जाळीत थरावर थर बसत गेला. पाणी थंड करणारी जाळीच बुजली, तर मी थंड कसा राहणार? हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. गाडी विकताना मात्र म्हणाला, "इंजिन एकदम टकाटक!"

घेणारी बाई मधमाश्या पाळणारी. एकीकडचा फुलोरा संपला की पेट्यांच्या तोंडाला जाळी लावायची आणि दुसऱ्या फुलोऱ्यावर न्यायच्या, हे तिचं काम. चढ लागला की डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणायची, "हळूच चल रे बाबा, घाई नाही." सगळ्या माणसांत हिचाच मला जरा कमी तिटकारा आहे. जराच. कारण बॉनेटच्या आतलं सगळं तिनंही धाकट्या भावावर सोपवलं होतं.

तो भाऊ! एक दिवस म्हणाला, "ताई, चढाला टेम्पोसुद्धा आपल्याला मागे टाकतात. लाज वाटते."

"मला नाही वाटत. माश्यांनाही नाही. फक्त ते गरम होणं थांबव."

"ताकद कमी पडते म्हणून गरम होतं. वाढवून आणतो."

तिनं गारवा मागितला, यानं ताकद ऐकली. गॅरेजात मला जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला. डिझेल पंपाचा स्क्रू पिळून मला पचेल त्याहून जास्त डिझेल पाजलं. गाडीखालून मागे जाणारा धुराचा पाइप काढून, केबिनच्या पाठीमागे उभा, चकचकीत पाइप लावला. मोठ्या ट्रकसारखा! मी पहिल्यांदा काळाकुट्ट धूर ओकलो, तेव्हा मेकॅनिकनं टाळी दिली. "मागच्याला रस्ता दिसायचा नाही, भाऊ!"

धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. चावून थुंकलेला घास. आणि ही मंडळी त्याचं कौतुक करत होती! भावानं त्या पाइपात स्वतःचं तोंड पाहून केस सारखे केले. रेडिएटर चार पावलांवर होता. चिखल तसाच.

मग सूर्यफुलं फुलली, डोंगरापलीकडे. अलीकडचा फुलोरा संपलेला, माश्या उपाशी. ऊन तापायच्या आत पेट्या पोहोचवायच्या, नाहीतर आतलं मेण मऊ पडून पोळी ढासळतात. पहाटे सगळ्या पेट्या लादून निघालो. भाऊ चालवत होता, बाई शेजारी.

चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. शहाण्यानं पाय आणखी दाबला. मी ओकलो. आणि तो धूर गेला कुठे? उभ्या पाइपातून थेट मागच्या पेट्यांवर.

बाईनं मागच्या काचेतून पाहिलं. "थांबव! अरे, जाळ्या काळ्या पडल्यात!"

"इथे थांबलो तर पुन्हा चढणार नाही, ताई."

"माश्या मरताहेत, आणि तुला चढाची पडलीय?"

त्यांचा वाद मीच मिटवला. पाणी आत कोंडून ठेवणारं माझं हेड गॅस्केट तापून फाटलं, वाफ उसळली आणि मी बंद पडलो. उघडा चढ, सावली नाही, ऊन वर येत होतं. बाईनं पिण्याचं पाणी पेट्यांवर ओतलं. मग पुढच्या रांगेतल्या पेटीला कान लावला. दुसऱ्या पेटीला लावला. पाइपाजवळच्या पेट्यांत गुणगुण नव्हती.

बाकीच्या पेट्यांची तोंडं तिनं तिथेच, रस्त्यावर उघडली. कित्येक माश्या उडून गेल्या, पण उरलेल्या जगल्या. भाऊ पाइपाला टेकायला गेला आणि हात भाजून घेतला. मला वाईट वाटलं नाही.

गॅरेजात मला खोललं, तेव्हा हा महाभाग म्हणतो, "ताई, याहून मोठं इंजिन टाकू या."

बाईनं पाण्याचा पाइप त्याच्या हातात दिला. "आधी रेडिएटर धू."

धुतला. कितीतरी वेळ लालसर गाळ वाहत होता. त्यात विटांची धूळ होती आणि चेंगरलेल्या माश्यांचे पंखही. तो बघत राहिला. मग वाकून उरलेला चिखल बोटांनी खरवडू लागला; त्याच्या हातून झालेलं हे पहिलं शहाणं काम.

आता स्क्रू जागेवर आहे, धुराची वाट पुन्हा गाडीखालून आहे. तो चकचकीत पाइप बाईनं पेट्यांजवळ जमिनीत रोवलाय आणि त्यावर पाण्याचं ताट ठेवलंय. माश्या काठावर बसून पाणी पितात. त्याचा एवढा मानाचा उपयोग याआधी झाला नव्हता.

काल भाऊ कुणाला तरी सांगत होता, "थोडा स्क्रू फिरवला तर अजून उचलेल." बाईनं नुसतं त्या ताटाकडे बोट केलं.

आणि तुम्ही, माझं ऐकून हळहळणारे! उगाच हळहळू नका. उठा, आपल्या गाडीचं बॉनेट उघडा. आत चिखल दिसेल. थोडी लाज वाटू द्या, आणि पाणी आणा.