भिंतीच्या उलट्या अंगानं

हमालांचं ओझं तोलायचा काटा तुम्हीच टांगलात सरकार, आणि चौकीचं अंगण ओलांडलं की तो आंधळा होतो हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. नाही म्हणू नका.

त्या सकाळी कार्साङची टोपली काट्यावर चढली. तीस किलो. "नियमात!" चौकीवाला ओरडला. राजधानीहून हंगाम उघडायला आलेले बडे साहेब गळ्यात स्वागताचं पांढरं उपरणं, खादा, मिरवत परदेशी पाहुण्यांसोबत फोटो काढून घेत होते. पहिल्या गावापर्यंत तेही चालणार होते.

कार्साङची बायको बुद्धिमायाही हमालच. टोपलीचा पट्टा कपाळावर घेताना तिचा कान नवऱ्याच्या खोकल्याकडे होता. गेल्या हंगामात खिंडीखाली तो रक्त थुंकला, तेव्हा चौकीत वजनाची वही उघडून तिला सांगितलं गेलं होतं, तीस किलोनं कुणाला काही होत नाही.

"मुकादम, आज त्याला भिंतीमागची पेटी देऊ नका. तो खिंडीतून परत येणार नाही."

"हळू बोल वहिनी!" लोप्साङ मुकादम दबक्या आवाजात खेकसला. "झेपत नसेल तर घरी बसव. बटाटे सोलू दे."

"बसवते की. त्याची टोपली तुम्ही उचला, पोट तरी उतरेल."

हमाल खिदळले. कार्साङ मात्र कुजबुजला, "गप गं. आहे ते कामही घालवशील."

वळणापलीकडे मंत्र कोरलेल्या दगडांची लांबलचक भिंत होती. भिंत उजव्या हाताला ठेवूनच चालायचं, उलटं जाणं पाप, ही बापजाद्यांची रीत. त्यामुळे चढणाऱ्याला भिंतीची पलीकडची बाजू कधी दिसत नाही. उतरणाऱ्यांना दिसते, पण ते आमचेच हमाल, तोंडं शिवलेले. मुकादमाचा चोरटा माल तिथंच दडवलेला असायचा. पाहुणे पुढे सरकले की एकेका टोपलीवर एकेक पेटी चढायची. देवाच्या आडोशानं!

बुद्धिमाया सगळ्यांच्या पुढे झाली आणि भिंतीशी येताच उलट्या बाजूला वळली. उभ्या जन्मात पहिल्यांदा. ओठ दगडांची माफी मागत होते.

"अगं ए! उलटी कुठं निघालीस? पाप लागेल!" लोप्साङ किंचाळला.

"लागू दे. साहेब, इकडून या, इकडं सावली आहे."

साहेबांना रीत कुठली माहीत! ते आले, मागोमाग पाहुणे आले. तिनं निळी ताडपत्री खसकन ओढली. घडीची टेबलं, गॅसच्या टाक्या, बारा पेट्या. एका पाहुणीनं पेटी हलवून पाहिली. हलेना.

साहेबांनी खादा सारखा केला. "गेल्या हंगामाचं राहिलं असेल."

"गेल्या हंगामाचं? ही कोळशाची खूण बघा. आता ती टोपली बघा." पेटीवर आणि कार्साङच्या टोपलीवर सारखीच फुली होती. कुठली पेटी कुणाच्या टोपलीवर, ते मुकादम अशाच खुणांनी ठरवायचा.

कार्साङ खाली मान घालून खोकत होता. बुद्धिमायानं स्वतःचा पट्टा सोडला, साहेबांच्या हातात कोंबला.

"घाला कपाळावर आणि उचला. मग मला सांगा, हा खिंडीत पडला तर वहीत किती किलो लिहाल? तीसच ना? इकडं तिकडं बघू नका साहेब. बोला!"