घरात चाकांचे बूट

चाळिशी आली की माणसाला चष्मा लागतो. आमच्या ह्यांना चाकं लागली.

केळीचे घड वॅगनीत भरायला हे भुसावळला जायचे. वॅगन लागेपर्यंत बाकीचे बापे चहा प्यायचे, विड्या फुंकायचे. ह्यांना रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी मागं सोडलेला नाचाचा हॉल सापडला. सर्कशीत पाय मोडून घेतलेला अभिमन तिथं ड्रायव्हर-गार्डांच्या पोरांना चाकांच्या बुटांवर पळायला शिकवायचा. त्या पोरांच्या रांगेत आमचा हा मिशा पिकलेला बाप्या, धोतराचा काचा मारून! कमरेला अभिमननं दोरी बांधलेली, बैल धरावा तशी.

मला हसूही आलं असतं. पण त्याच दिवसांत ह्यांच्या थोरल्या भावानं, जीवराम आबांनी, ओसरीवर बसून फर्मान काढलं होतं, "लताची शाया बंद. सातवी झाली, पोरीले बस झालं."

लता माझी एकुलती एक. तिला भुसावळच्या हायस्कुलात जायचं होतं. रडून तिचे डोळे सुजले. मी काय करणार? जेठासमोर आमच्यात बाई बोलत नाही, पदर ओढून भिंतीला चिकटते. बोलायचं ह्यांनी. आणि हे तर आबांची वहाण वाजली की पाठीचा कणा काढून खुंटीला टांगायचे.

"बोलले का आबांशी?" मी विचारायची.

"आज दोरी सोडून चाललो," हे सांगायचे आणि ढुंगणाला तेल चोळून मागायचे.

मी चोळायची. तोंडानंही चोळायची. "पोरीचं वाटोळं होऊ राह्यलं अन् तुम्ही लहान लेकरासारखे चालायले शिकू राह्यले!"

ह्यांना लाज नावाची गोष्ट नव्हती. एकदा हौसेनं खळ्यात बूट चढवले, तर चाकं मातीत रुतली आणि हे खुंट्यासारखे उभे. गडी तोंड फिरवून हसले. मग अभिमननं आठाचा आकडा काढायला सांगितला. ह्यांनी आपला मराठी आठ काढला. तो काही मिटत नाही, तेव्हा हे सरळ भिंतीवर गेले. आठ इंग्रजी काढायचा असतो, ही अक्कल कपाळाला टेंगूळ आल्यावर आली. अभिमन म्हणे एकच धडा घोकायचा, "गिरधरभाऊ, खाली पाहू नका. छाती पुढं. वाकला तो पडला." मी म्हटलं, शिकवणारा शहाणा आहे, शिकणारा दगड.

दिवाळीनंतर हॉलात शिकणाऱ्यांचा खेळ झाला. आबा वॅगनीच्या कामाला आलेलेच होते. अभिमननं त्यांना पुढची खुर्ची दिली. मी आणि लता मागं, बायकांत.

हे आले. ताठ. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला तो माणूस परका वाटला, आणि देखणाही. आठ पुरा काढला, अगदी मिटवून. लता टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात फिरता फिरता हे आबांच्या खुर्चीसमोर आले. जन्माची खोड! ह्यांनी दोन्ही हात आबांच्या पायांकडे नेले आणि कमरेत वाकले. चाकं मागं पळाली, आणि हे नाकावर घसरत आबांच्या जोड्यांपाशी पोचले.

सगळा हॉल हसला. लतानं माझ्या पदरात तोंड लपवलं. मला वाटलं, जमीन फाटावी आणि ह्यांना चाकांसकट गिळावं.

अभिमननं ह्यांना उठवलं आणि पाठीत हात घालून ढकललं. "ताठ!"

हे लालबुंद होऊन फेरा मारून आले. आबांसमोरून जाताना ओरडले, "आबा, लता..." आणि पुढं निघून गेले. थांबायला कुठं शिकले होते? पुढच्या फेऱ्याला उरलेलं बोलले, "...शायेत जाईन!" टाळ्यांच्या गलक्यात कुणाला काय ऐकू गेलं, देव जाणे. मला ऐकू आलं.

संध्याकाळी ओसरीवर आबांनी विचारलं, "तठी काय म्हने रे तू?"

बूट दाराबाहेर. मान खाली. "काही नाही आबा. असंच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाहेर गेले, बूट उचलून आणले आणि ह्यांच्यासमोर आदळले.

"घाला," पदराआडून मी ह्यांच्या कानाशी कुजबुजले.

"घरात?" ह्यांनी आबांकडे चोरून पाहिलं.

"सारवलेल्या जमिनीवर चाकं फिरत नाहीत. पडायचं भ्या नाही. घाला."

तसंच कुजबुजत मी खाली बसून पट्टे आवळले. हे उभे राहिले. सकाळीच सारवलेल्या ओसरीत चाकं रुतली. ह्यांनी छाती पुढं काढली आणि खाली पाहिलं नाही.

"आबा, लता शायेत जाईन."

आबा पायांकडे बघत होते. "घरात पायतन? पह्यले काढ ते."

ह्यांची मान खाली यायला लागली. मी पाहिली ना, हळूहळू, नेहमीसारखी. मग मी डोक्यावरचा पदर मागं सारला.

"तुम्ही हो म्हना आबा," मी म्हटलं, "मंग काढतीन."

लग्न होऊन या घरात आल्यापासून आबांनी माझा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी बुटांवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला चिकटलेली नव्हते.